कंदफुलांचा हिवाळी बहर

ट्युलिप, हायसिंथ, डॅफोडिल, क्रोकस अशा वसंतात उमलणाऱ्या कंदवनस्पतींना थंडी आणि ऊब ठरावीक क्रमाने देऊन ऐन हिवाळ्यात घरात फुलवण्याची पद्धत. बाहेरच्या वाफ्यात या फुलांना वसंताची वाट पाहावी लागते. घरात ती काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही आधी फुलतात. यात झाडावर जबरदस्ती होते असा समज आहे, पण तो बरोबर नाही. फूल कंदात आधीच तयार असते. माळी फक्त त्या कंदाचा हिवाळा लवकर सुरू करतो आणि लवकर संपवतो.

चांगला पोसलेला हायसिंथचा कंद शरद ऋतूत उभा चिरला, तर मांसल पाकळ्यांच्या मधोमध इवल्या कळ्यांचा तुरा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. डॅफोडिलमध्ये ही कळी कंद जमिनीतून काढण्यापूर्वीच धरलेली असते. ट्युलिप आणि हायसिंथमध्ये ती पाने सुकल्यावर, कंद वरून निपचित दिसत असताना, उन्हाळ्याच्या उबेत घडते. म्हणून विकत घेताना कंदाचा आकार पाहणे महत्त्वाचे. कंदांची प्रतवारी घेराच्या सेंटिमीटरांवर होते. ट्युलिपसाठी १२ सेंमी. किंवा त्याहून मोठा आणि हायसिंथसाठी १६ ते १९ सेंमी. घेराचा, हाताला घट्ट व वजनदार लागणारा कंद घ्यावा. लहान कंदात फूलच नसेल, तर पुढची सगळी मेहनत पानांवर जाते.

तयार कळी वर यायला थंडी का लागते, हे या वनस्पतींच्या मायभूमीवरून कळते. रानटी ट्युलिप मध्य आशियातील डोंगरांतले, तर हायसिंथ तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या भागातला. तिथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा कडक असतो. थंडी पुरेशी लांबल्याखेरीज देठ वाढवायचा नाही, ही सवय अवेळी आलेल्या उबेपासून कळीला वाचवते. थंडीच्या आठवड्यांत कंदातील स्टार्चची साखर होते, वाढीच्या संप्रेरकांचा तोल बदलतो आणि देठाच्या पेशींना लांबण्याची क्षमता येते. प्रत्यक्ष लांबणे मात्र पुढे ऊब मिळाल्यावरच होते.

म्हणून सारी भिस्त थंडीच्या टप्प्यावर आहे. सच्छिद्र माती भरलेल्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उथळ कुंडीत कंद जवळजवळ, पण एकमेकांना न टेकता लावतात. शेंडे मातीच्या किंचित वर ठेवतात. ट्युलिपच्या कंदाची सपाट बाजू कुंडीच्या कडेकडे केली, की पहिले मोठे पान बाहेर झुकते आणि कुंडी भरलेली दिसते. मग पाणी देऊन कुंडी ४ ते ९ अंश सेल्सिअस तापमानाच्या अंधाऱ्या जागी ठेवायची: तळघर, गारठलेली कोठी किंवा फ्रीज. ट्युलिपला साधारण १२ ते १६ आठवडे लागतात, डॅफोडिललाही जवळपास तितकेच; हायसिंथचे १० ते १४ आठवड्यांत भागते. या काळात वर काहीच घडताना दिसत नाही, पण खाली मुळे कुंडीभर पसरत असतात. माती कोरडी पडू देऊ नये. फ्रीजमध्ये शेजारी सफरचंद किंवा इतर पिकणारी फळे तर मुळीच नकोत. त्यांतून निघणारा इथिलीन वायू कळीला आतल्या आत मारतो आणि हे नुकसान फुलायच्या दिवसांपर्यंत उघडकीस येत नाही.

घाई झाली की देठ आखूड राहतो. हायसिंथचा तुरा पानांच्या बेचक्यात अडकतो, ट्युलिपची कळी कागदासारखी वाळते. उलट थंडी फार लांबली तर ट्युलिपचे देठ लांबलचक होऊन लोळतात. पुरेशी थंडी झाल्याची खूण म्हणजे कुंडीच्या भोकांतून डोकावणारी मुळे आणि वर आलेले तीन-चार सेंमी. कोंब. अशी कुंडी लगेच उबदार खोलीत आणू नये. आठवडाभर १० ते १५ अंशांत, मंद उजेडात ठेवली की फिकट कोंब हिरवे होतात. मग उजेडाची, पण तापलेली नसलेली जागा द्यावी. पुढे सुमारे तीन-चार आठवड्यांत फुले येतात. खोली जितकी गार, तितकी फुले जास्त टिकतात.

हायसिंथ नुसत्या पाण्यावर वाढवण्याची रीत सर्वांत देखणी म्हणावी लागेल, कारण एरवी मातीआड होणारी मुळांची वाढ तिच्यात काचेतून पाहता येते. या काचपात्राची मान आवळलेली असते व वर कंद बसेल अशी वाटी असते. पाणी कंदाच्या बुडाच्या जरा खाली राहिले पाहिजे. कंद पाण्यात बुडाला तर सडतो. स्वीडनच्या मार्टेन ट्रीवाल्ड यांनी १७३० च्या सुमारास कंद पाण्यावर फुलवण्याचे प्रयोग केले व ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. त्याच शतकात हा छंद युरोपातील श्रीमंत घरांत पसरला.

व्यापारी पातळीवर ही कला नेदरलँड्समध्ये वाढली. लिसे येथील निकोलास डामेस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हायसिंथचे कंद लवकर काढून उबेत साठवण्याची युक्ती शोधली. अशा ‘तयार’ कंदांना थंडी कमी पुरते आणि ते नाताळपर्यंत फुलू शकतात. पुढे वाखेनिंगेन येथे आन्टोन ब्लाऊ यांनी कंदात कोणत्या तापमानाला काय घडते याचा कसून अभ्यास केला. माळ्यांच्या अंदाजांना त्यातून मोजमापांचा आधार मिळाला.

सर्वच कंदांना थंडी लागते असे नाही. भूमध्य समुद्राकाठच्या सौम्य हिवाळ्यातला, डॅफोडिलचाच भाईबंद असलेला पेपरव्हाइट नार्सिसस खडे आणि पाणी एवढ्यावर चार-सहा आठवड्यांत फुलतो. त्याचे देठ उंच होऊन कलतात. त्यावर कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी उपाय दाखवला: कोंब वर आल्यावर पाण्यात ४ ते ६ टक्के अल्कोहोल मिसळावे. मुळांना पाणी शोषणे थोडे अवघड जाते आणि देठ सुमारे एक-तृतीयांशाने आखूड राहतात. फुले मात्र नेहमीच्याच आकाराची येतात. बिअर किंवा वाइन वापरू नये, त्यांतील साखर झाडाला बाधते. याच्याच जवळचा नार्सिसस चीनमध्ये नववर्षाला पाण्यावर फुलवतात. फूच्येन प्रांतातील चांगचौचे कंद त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तेथील कसबी लोक कंद कोरून पानांना हवे तसे वळण देतात. इराणी परंपरेत नवरोजच्या हफ्त-सीन मांडणीत हायसिंथ ठेवण्याची प्रथा आहे.

हे कंद खाण्याचे नाहीत. नार्सिससमध्ये लायकोरीन हे विषारी द्रव्य असते. हायसिंथचे कंद हाताळताना त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे त्वचेला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. लहान मुले आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात कंद कांदा समजून उचलला जाणार नाही अशा जागी ठेवावेत.

फुले सरल्यावर पाण्यावरचा कंद बहुधा रिता झालेला असतो. तो टाकून द्यावा. कुंडीतल्या ट्युलिपकडूनही पुन्हा चांगल्या फुलाची आशा करू नये. डॅफोडिल व हायसिंथची पाने पिवळी पडेपर्यंत पाणी देऊन कंद बागेत लावले, तर एक-दोन वर्षांनी फुले येऊ शकतात. अमॅरिलिस या नावाने विकला जाणारा दक्षिण अमेरिकी हिप्पिअ‍ॅस्ट्रम मात्र कुंडीतच वर्षानुवर्षे फुलतो. त्याला थंडी लागत नाही. फुलांचा दांडा कापून पानांना उन्हाळाभर ऊन व खत द्यावे, शरदात पाणी तोडून आठ-दहा आठवडे विश्रांती द्यावी आणि मग कुंडी पुन्हा उबेत आणावी.