गाडीचे स्पीकर बदलताना: आधी पुढची दारं, मग मागचं

गाडीतला कंपनीचा स्टिरिओ किंवा टचस्क्रीन तसाच ठेवून फक्त स्पीकर बदलायचे आहेत, अशांसाठी हे पत्रक आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत असेच लोक जास्त. गाडी रोज म्हापसा-पणजी नाहीतर फोंडा-वेर्णा धावते, गाणी ऐकायला तेवढाच वेळ मिळतो, आणि कंपनीच्या स्पीकरवर पखवाज कुठला नि तबला कुठला हे ओळखू येत नाही.

सल्ला आधीच सांगून टाकतो. पैसा पुढच्या दोन दारांत घाला, आणि त्यातला चांगला वाटा दाराच्या कामासाठी राखून ठेवा. शंभर रुपये असतील तर साठ पुढच्या स्पीकरना, तीस दारं बंदिस्त करायला आणि उरले तर दहा मागे. मागे काहीच केलं नाही तरी बिघडत नाही. चार स्पीकरांचा सेट विकण्यात आम्हाला जास्त सुटतं हे खरं, पण घाईत बसवलेला स्पीकर पहिल्या पावसात दुकानात परत येतो आणि ते दार पुन्हा उघडणं कुणालाच परवडत नाही.

वॅटचा आकडा

खोक्यावर मोठ्या अक्षरात ३००, ३५० वॅट लिहिलेलं असतं. ते क्षणभरच्या धक्क्याचं मोजमाप, तेही कंपनीने आपल्या सोयीने काढलेलं. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात ‘आरएमएस’ असतं, ते वाचा. स्पीकर सतत किती ताकद सोसतो हे त्यातून कळतं. गाडीतल्या स्टिरिओवरही ‘५० वॅट × ४’ असं छापलेलं असतं, पण इंजिन चालू असताना बॅटरीच्या तारेत मिळतात साधारण १४ व्होल्ट, आणि तेवढ्यावर ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युतरोधाचं माप) स्पीकरला स्वच्छ मिळणारी ताकद जेमतेम १५ ते २० वॅट. म्हणून १०० वॅट आरएमएसचा भारी स्पीकर अशा स्टिरिओला जोडला तर बऱ्याचदा तो जुन्यापेक्षाही दबका वाजतो. मग लोक आवाज शेवटपर्यंत वाढवतात, स्टिरिओचा आवाज फाटू लागतो आणि ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, जळतो.

आम्ही त्याआधी संवेदनशीलता पाहतो, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते. ८७ आणि ९० डेसिबल यांत फरक तिनाचाच, पण ८७ वाल्यातून ९० वाल्याइतका आवाज काढायला दुप्पट ताकद लागते. ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर ९० किंवा त्याच्या वरचा स्पीकर निवडा. ओहमही तपासा. बहुतेक स्टिरिओ ४ ओहमसाठी असतात, बाजारात ३ आणि २ ओहमचेही स्पीकर आहेत. ते कुठल्या स्टिरिओला चालतात हे पाहिल्याशिवाय आम्ही जोडत नाही.

दार हाच स्पीकरचा डबा

घरच्या स्पीकरला लाकडी पेटी असते, गाडीत ती पेटी म्हणजे दार. पखवाजाचं खोड तडकलेलं असेल तर पुडी कितीही चांगली चढवा, नाद येत नाही. दाराचं तसंच आहे. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. दाराच्या आतल्या पत्र्याला भोकं असतात, त्यांतून ही मागची हवा पुढच्या हवेला भेटते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. सर्वांत आधी जातो तो खर्ज. नवीन महागडा स्पीकर बसवूनही ‘बास येत नाही’ असं सांगत येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाडीत हीच भोकं उघडी असतात.

ती बंद करायची तर कंपनीची पातळ प्लास्टिकची चादर पुरत नाही. आम्ही बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबराची, ॲल्युमिनियम चढवलेली चिकट पट्टी (डॅम्पिंगची पट्टी) लावतो, म्हणजे पत्रा थरथरत नाही. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते. मधल्या मोकळ्या भागात लावली तरी बोटाने टिचकी मारल्यावर आवाज बदललेला ऐकू येतो. आतल्या पत्र्याची मोठी भोकं पट्टीने कायमची चिकटवून टाकणारे आहेत, आम्ही तसं करत नाही. काचेची मोटर कधी ना कधी बिघडतेच, तेव्हा मेस्त्रीला आत हात घालावा लागतो. म्हणून तिथे स्क्रूने निघणारी पातळ पट्टी बसवून कडेला गास्केट लावतो.

आता पावसाचं. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. काचेवरून ओघळणारं पाणी रबराखालून दाराच्या आत उतरतं. ही चूक नाही, दार तसंच बनवलेलं असतं. पाणी आतून खाली जातं आणि दाराच्या तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. म्हणजे तुमचा स्पीकर चार महिने एका ओल्या खोलीत राहतो. यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, तळाची छिद्रं कुणालाही बुजवू देऊ नका. डॅम्पिंगची पट्टी खालपर्यंत ताणून लावली की पाणी साचतं, दार डुगडुगतं आणि आतून गंज चढतो. दुसरी, प्लास्टिकची चादर फाडलेली असेल किंवा नीट चिकटवली नसेल, तर पाणी आत येऊन पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरतं. ओला वास, काचा धुरकट होणं, मॅटखाली बुरशी या तक्रारींचं मूळ कित्येकदा एसीत नसतं, कुणीतरी स्पीकर बसवताना ओढून काढलेल्या या चादरीत असतं. तिसरी, स्पीकर आणि पत्रा यांमधली रिंग. एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, रिंग स्वस्त आणि कापायला सोपी, पण दमट हवेत फुगते आणि स्क्रू ढिले पडतात. आम्ही प्लास्टिकची रिंगच वापरतो. स्पीकरच्या मागे वरच्या बाजूला फोमची छोटी झड लावतो, पूर्ण वाटी नाही. वाटीत स्पीकरला श्वास मिळत नाही आणि खर्ज पुन्हा आवळला जातो.

स्पीकर निवडतानाही हेच डोक्यात ठेवा. कोन पॉलिप्रोपिलिनचा आणि कडा रबराची असेल तर आपल्या हवेत टिकतो. फोमची कडा काही वर्षांत भुगा होते. कागदी कोनाचा आवाज काहींना जास्त गोड वाटतो, आम्हालाही वाटतो, पण कोलवा-कळंगुटच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या गाडीला तो घेऊ नका. वायरचे जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नसावेत, क्रिंप करून वर आकसणारी नळी हवी. आणि कंपनीची वायर कापायची नाही. मॉडेलप्रमाणे कपलर (वायर न कापता जोडायचे प्लग) मिळतात, ते वापरले की वॉरंटीचा वाद होत नाही आणि गाडी विकताना जुने स्पीकर परत लावता येतात.

माप बहुतेक छोट्या गाड्यांत साडेसहा इंच असतं, पण व्यास जुळला म्हणजे झालं असं नाही. खोली मोजावी लागते. काच पूर्ण खाली केल्यावर ती चुंबकाला घासता कामा नये. काम संपल्यावर चारही काचा तुमच्यासमोर पूर्ण खाली-वर करून दाखवणं हा आमचा नियम आहे.

ट्वीटर वेगळा की एकातच?

कोॲक्शियलमध्ये ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मध्येच असतो. बसवायला सोपा, स्वस्त, आणि मागच्या दारांना पुरेसा. पुढे मात्र दारातला स्पीकर तुमच्या पिंडरीकडे तोंड करून बसलेला असतो, आणि वरचे सूर सरळ रेषेत जातात, कोपऱ्यातून वळत नाहीत. म्हणून पुढे शक्यतो कंपोनंट सेट घ्या. त्यात ट्वीटर सुटा असतो, तो आरशामागच्या तिकोन्या तुकड्यात बसवता येतो, आणि क्रॉसओव्हर कुठला सूर कुणी वाजवायचा ते वाटून देतो. गायक मग पायाशी नाही, डॅशबोर्डवर उभा राहतो.

काचेशेजारच्या खांबात ट्वीटर कोरून बसवलेला छान दिसतो, ते काम आम्हाला येतंही. पण ज्या गाडीत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग त्या खांबातून जाते, तिथे आम्ही ते करत नाही, आग्रह केला तरी नाही. आवाज टोचत असेल तर क्रॉसओव्हरवर ट्वीटर ३ डेसिबल खाली आणायची सोय बहुधा असते, आधी ती वापरून पाहा.

मागचे स्पीकर

मागे मुलं किंवा आई-वडील रोज बसत असतील, किंवा गाडी टॅक्सीची असेल, तर मागच्या दारांत कोॲक्शियल घाला. एरवी कंपनीचेच राहू द्या आणि फेडर (पुढचा-मागचा आवाज वाटून देणारी स्टिरिओतली सेटिंग) दोन-तीन घरं पुढे सरकवा. डिकीच्या ट्रेवर ६×९ चे लांबट स्पीकर बसवण्याची हौस अजून आहे. ट्रे पातळ आणि नुसत्या खुंट्यांवर टेकलेला असतो, म्हणून तो स्वतःच वाजतो, आणि जोरात ब्रेक लागला तर तेवढं वजन मागच्या माणसांच्या डोक्यावर येऊ शकतं. ट्रे पक्का बांधून घेणार असाल तरच बोलू. खरा खर्ज हवा असेल तर त्याला सबवूफरच, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर, लागतो. सोबत ॲम्प्लिफायर आला की त्याची तार थेट बॅटरीवरून घ्यावी लागते, आणि फ्यूज बॅटरीजवळच हवा, फार तर हातभर अंतरावर. फ्यूज डिकीत असेल तर मधल्या सगळ्या तारेला संरक्षणच राहत नाही.

गाडी ताब्यात घेताना

आपल्या आवडीचं, शंभर वेळा ऐकलेलं गाणं घेऊन या. चवथीतल्या घुमट आरतीची चांगली रेकॉर्डिंग असेल तर आणखी उत्तम, आम्हीही तीच लावतो. घुमटाचा दम घुमल्यासारखा लांबत गेला तर दार अजून थरथरतंय, कासाळं (झांजा) कानात टोचलं तर ट्वीटर खाली आणायचा, आणि शामेळाची (काठीने वाजवायच्या वाद्याची) काठी घुमटापासून वेगळी ऐकू आली तर बसवणी जमली. मग बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा उजवीकडे, शेवटी मध्ये करा. एकेका बाजूला खर्ज भरलेला आणि मध्ये आणल्यावर उलट पातळ झाला, तर एका स्पीकरच्या अधिक-उण्याच्या तारा उलट्या लागल्या आहेत. जागच्या जागी सांगा, लगेच नीट होतं.

दोन दारांचं काम नीट करायला अर्धा दिवस जातो, चार दारांना पूर्ण. पावसाळ्यात येणार असाल तर गाडी आदल्या रात्री आडोशाला ठेवा, कारण ओल्या पत्र्याला ब्युटाइल चिकटत नाही आणि दार वाळवण्यातच सकाळ जाते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर आधी तसं सांगा. नारिंगी (उच्च दाबाच्या) तारांच्या जवळपास आम्ही हात घालत नाही, आणि ॲम्प्लिफायर कुठून जोडायचा हे मॉडेल पाहूनच ठरवतो. काढलेले जुने स्पीकर आणि कपलर पिशवीत घालून देतो, घरी नेऊन ठेवा. पहिला जोराचा पाऊस पडून गेला की पुढच्या मॅटखाली हात घालून पाहा. ओलं लागलं तर गाडी घेऊन या, त्या तपासणीचे पैसे नाहीत.