अल्फा, पास आणि झावळ्यांची काळी किनार

संगणकावर रेंडर केलेला, म्हणजे त्रिमितीय मॉडेलपासून चित्र म्हणून काढलेला, माड पावसाळी आभाळाच्या प्लेटवर (मागे ठेवायच्या चित्रीकरणावर) ठेवला की झावळ्यांच्या कडेने बारीक काळी रेघ उमटते. गोव्यात घरांचे वॉकथ्रू आणि हॉटेलांच्या जाहिराती करणाऱ्यांना ती नवी नाही. बहुतेक वेळा रेंडररला दोष दिला जातो, मॅट (वस्तूचा आकार सांगणारे काळे-पांढरे चित्र) एक-दोन पिक्सेल आत ओढली जाते आणि शॉट पुढे जातो. आत ओढलेल्या मॅटमुळे झावळीची टोके बोथट होतात, पण घाईत तिकडे कोण बघतो! या रेघेचे मूळ १९८४ मध्ये मांडल्या गेलेल्या एका नियमात आहे. नियम बरोबर होता. तो अर्धवट पाळला गेला, हे दुखणे आहे.

त्याआधीचा काळ फिल्मचा. ऑप्टिकल प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्या मॅट लावून एकेक थर पुन्हा चित्रित करायचा आणि दर फेरीला ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणा, वाढलेला सोसायचा. संगणकावर १९७७-७८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या एका संस्थेत लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथी वाहिनी आली, ती अल्फा. पिक्सेलचा किती भाग वस्तूने झाकला आहे, हे तिच्यात साठवले जाऊ लागले. त्यामुळे प्रत्येक वस्तू वेगळी रेंडर करून नंतर जोडता आली. १९८४ च्या शोधनिबंधाने या जोडणीचे गणित पक्के केले. त्यातली ‘ओव्हर’ ही क्रिया आज प्रत्येक कॉम्पोझिटिंग (थर जोडणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये आहे: वरचा रंग जसाच्या तसा घ्यायचा आणि खालचा रंग ‘एक वजा अल्फा’ने गुणून त्यात मिळवायचा.

वाद आहे तो ‘जसाच्या तसा’ या शब्दांवर. निबंधात रंग आधीच अल्फाने गुणून साठवायचा, म्हणजे प्रीमल्टिप्लाय करायचा, असे ठरले. दुसरी पद्धत ‘स्ट्रेट’ची: रंग पूर्ण ठेवायचा आणि गुणाकार जोडताना करायचा. झावळीच्या कडेचा एक पिक्सेल घ्या. हिरव्या पातीने तो निम्मा झाकला आहे. प्रीमल्टिप्लाय पद्धतीत हिरवा ०.५, अल्फा ०.५. पांढऱ्या ढगावर ठेवला की हिरव्याची बेरीज ०.५ अधिक ०.५, म्हणजे १. हे योग्य उत्तर. हीच फाईल स्ट्रेट समजून उघडली तर सॉफ्टवेअर पुन्हा एकदा गुणते. हिरवा ०.२५ वर येतो आणि बेरीज ०.७५ होते. काळी किनार म्हणतात ती हीच.

१९९६ मध्ये पीएनजी या चित्रफाईलीचे स्वरूप ठरवताना स्ट्रेट अल्फा निवडला गेला. कारण खोटे नव्हते. तेव्हा काम आठ बिटांत, म्हणजे ० ते २५५ या पायऱ्यांत, चाले, आणि अल्फा २५५ पैकी १० असेल तर गुणलेल्या रंगाला जेमतेम ११ पायऱ्या उरतात. मूळ रंग त्यातून परत मिळत नाही. फोटो साठवणाऱ्याच्या दृष्टीने हा तोटा मोठा होता. टिफ या दुसऱ्या स्वरूपाने दोन्हींना जागा दिली. आफ्टर इफेक्ट्स या कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तर फाईल कोणत्या जातीची आहे ते माणसाला विचारण्याचा पर्याय आहे आणि शेजारी अंदाज बांधणारे बटणही! ज्या गोष्टीवर प्रत्येक कडेचा रंग ठरतो ती अंदाजावर सोडावी लागते, यातच त्या निवडीची किंमत दिसते.

स्ट्रेट पद्धतीची उणीव तिथेच संपत नाही. ब्लर करताना किंवा आकार बदलताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. पारदर्शक भागात दडलेला काळा रंग अशा वेळी कडेत झिरपतो. त्याहून मोठी अडचण ज्योतीची. वृंदावनासमोरच्या पणतीची ज्योत मागचे फारसे झाकत नाही, पण उजेड भरपूर देते. म्हणजे अल्फा शून्याजवळ आणि रंग मोठा. प्रीमल्टिप्लाय पद्धतीत हा आकडा सरळ लिहिता येतो. ‘ओव्हर’ केले की ज्योत मागच्या भिंतीवर उजेड म्हणून मिळवली जाते. स्ट्रेटमध्ये अल्फा शून्य झाला की ज्योतच नाहीशी. विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे: गुणलेल्या रंगावर गॅमा (मधल्या छटांची उजळी) किंवा ऑफसेट (सगळीकडे सारखा मिळवलेला आकडा) बदलला की कडा बिघडतात. म्हणून आधी अल्फाने भागायचे, रंग सुधारायचा, मग पुन्हा गुणायचे. ही शिस्त अवघड नाही. नोडच्या, म्हणजे एकेक क्रिया चौकटीत मांडून रेघांनी जोडण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये ती रोज पाळली जाते.

आठ बिटांची अडचण २००३ मध्ये मिटली. एका मोठ्या इफेक्ट्स स्टुडिओने आपले ओपनईएक्सआर हे स्वरूप सर्वांना खुले केले. त्यातल्या सोळा बिटांच्या ‘हाफ फ्लोट’मध्ये उजेडाच्या प्रत्येक स्टॉपला (उजेड दुप्पट होण्याच्या टप्प्याला) १०२४ पायऱ्या मिळतात आणि रंग गुणलेलाच साठवायचा, हा संकेत आहे. शिवाय एका फाईलीत हव्या तितक्या वाहिन्या बसतात. शेक, न्यूक यांसारखी नोडवर चालणारी साधने तेव्हा वापरात होतीच; २००६ मध्ये ब्लेंडरलाही नोडचा कॉम्पोझिटर मिळाला आणि फुकट साधनावर हे काम शिकता येऊ लागले.

पासांचे, म्हणजे एकाच शॉटमधून वेगळ्या काढलेल्या चित्रथरांचे, खरे पीक आले ते याच दशकात. डिफ्यूज (पसरलेला उजेड), स्पेक्युलर (चकाकी), रिफ्लेक्शन (प्रतिबिंब), सावली असे सगळे वेगळे काढायचे आणि कॉम्पमध्ये, म्हणजे अंतिम जोडणीत, एकत्र आणायचे. जुन्या गोमंतकीय घराच्या शॉटमध्ये शिंपल्यांच्या तावदानांतून झिरपणारा उजेड ट्रान्समिशनच्या (आरपार येणाऱ्या उजेडाच्या) पासात आला, तर ग्राहकाने ‘आतून जरा ऊब दाखवा’ म्हटल्यावर सबंध घर पुन्हा रेंडर करावे लागत नाही. मात्र उजेडाचे पास ही बेरीज आहे आणि ती लिनिअर, म्हणजे उजेडाच्या थेट प्रमाणात असलेल्या, रंगांतच बरोबर येते. पडद्यासाठी गॅमा लावलेल्या चित्रांची बेरीज केली की प्रकाशमान भाग भाजल्यासारखे होतात. अँबियंट ऑक्लूजन २००२ नंतर सर्वत्र पसरले, तेही नीट वापरले गेले नाही. आडोशामुळे सभोवतालचा उजेड किती अडतो, एवढेच तो पास सांगतो. तो सरसकट सगळ्या चित्रावर गुणला गेला आणि उन्हात चमकणारे चिरेही कोपऱ्यांत मळकट झाले. पुढे पाथ ट्रेसिंग, म्हणजे उजेडाच्या किरणांचा मार्ग मोजून रेंडर करणे, रुळले तसा हा पास मागे पडला आणि प्रत्येक दिव्याचा वेगळा गट काढण्याची पद्धत आली. माझ्या मते ती अधिक प्रामाणिक आहे, कारण तिच्यात उजेडाचे गणित मोडत नाही.

खोलीचा प्रश्न उशिरा सुटला. झेड पासात प्रत्येक पिक्सेलला कॅमेऱ्यापासूनचे एकच अंतर असते. झावळीच्या कडेला पातीचे अंतर आणि मागच्या डोंगराचे अंतर यांची सरासरी काढली, तर त्या जागी काहीच नसते. ‘डीप’ प्रतिमेत एका पिक्सेलमध्ये अनेक नमुने असतात, प्रत्येकाचे स्वतःचे अंतर, रंग आणि अल्फा. माडांमधून पडणारा पाऊस वेगळा रेंडर करून तो मागे-पुढे बरोबर बसवता येतो. कुठला थेंब कुठल्या पातीमागे, हे हाताने कापावे लागत नाही. ओपनईएक्सआरमध्ये याची सोय २०१३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत झाली. फाईली मात्र प्रचंड होतात, त्यामुळे लहान कार्यालयांत डीप क्वचितच वापरले जाते.

वस्तूंच्या मॅट आपोआप देणारी क्रिप्टोमॅट ही पद्धत तिथे लवकर पोचली. आधी वस्तू निवडण्यासाठी लाल, हिरव्या, निळ्या मॅटचे पास काढावे लागत, म्हणजे एका चित्रात तीनच वस्तू. २०१५ मध्ये खुल्या झालेल्या या पद्धतीत प्रत्येक वस्तूच्या नावापासून एक आकडा बनतो आणि त्या वस्तूने पिक्सेलचा किती भाग झाकला तेही सोबत साठवले जाते. खिडकीवर क्लिक केले की कडांसह तिची मॅट हातात. हा आकडा म्हणजे रंग नव्हे, त्यात किंचितही फरक चालत नाही. त्यामुळे ही वाहिनी बत्तीस बिटांतच ठेवावी लागते. जागा वाचवण्यासाठी ती हाफ फ्लोटमध्ये उतरवली की वस्तूंची ओळख पुसली जाते आणि तो पास पुन्हा रेंडर करण्यावाचून इलाज राहत नाही.