लवकर मरणाऱ्या बिया आणि तो मधला गट

1876 मध्ये रबराच्या सुमारे 70 हजार बिया ॲमेझॉनमधून जहाजाने लंडनला नेल्या आणि त्यातल्या साधारण 2,700 च रुजल्या. पुढे आशियात पाठवताना बिया नाही तर काचेच्या पेट्यांमधून रोपं पाठवली, कारण बी टिकवायचा दुसरा मार्गच नव्हता.

बिया किती टिकतात याची खरी मांडणी झाली 1973 ला. दोन गट पाडले गेले, एक वाळवून गारठवलं की वर्षानुवर्षं टिकणाऱ्या बियांचा आणि दुसरा वाळवलं की मरणाऱ्यांचा, म्हणजे रबर, कोको, फणस, साल वृक्ष वगैरे. सालाची बी तर आठवडा-दहा दिवसांतच जाते. या बिया झाडावरून पडतानाच ओल्या असतात आणि आत रुजायची तयारी चालूच असते, त्यामुळे ओल्या ठेवल्या तर डब्यातच कोंब येतो नाहीतर बुरशी धरते, आणि फ्रीजमध्ये ठेवल्या तर बऱ्याच जाती थंडीनेच दगावतात.

मग 1990 ला कॉफीवरून तिसरा, मधला गट आला. कॉफीची बी 10 टक्क्यांच्या आसपास ओलाव्यापर्यंत वाळवलेली चालते, पण त्याखाली किंवा कडक थंडीत नेली की बिघडते. निरीक्षण बरोबरच होतं, पण माझ्या मते इथूनच घोळ वाढला, कारण ज्या झाडाचं नीट जमेना ते या गटात ढकलायची सवय लागली. कडुनिंबाचंच बघा, कोणी म्हणे बी काही आठवड्यांत संपते, कोणी म्हणे वाळवून वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे तो तिन्ही गटांत फिरून आलाय! फळ किती पिकलेलं होतं, गर कधी काढला, किती हळू वाळवलं, यावर निकाल बदलत होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण वाळलेली बी एकदम थंड पाण्यात भिजवली की पाणी शोषतानाच पेशींची इजा होते, तीच बी उबदार तापमानात भिजवली तर रुजते. म्हणजे मेली ती चाचणीत आणि दोष गेला साठवणुकीला. एवढं कळूनही जुने शिक्के याद्यांमध्ये तसेच राहिलेत, हे मला पटत नाही.

आता खऱ्या हट्टी, म्हणजे वाळवलं की मरणाऱ्या बियांसाठी अख्खी बी सोडून फक्त आतला अंकुराचा भाग कापून, झटपट वाळवून उणे 196 अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. यातही बऱ्याचदा मूळ फुटतं पण कोंब येत नाही, कारण कापतानाच्या जखमेने कोंबाचं टोक मरतं, आणि बरंचसं काम सध्या तिथेच अडलंय.