अ‍ॅसिडिटीचं ऑपरेशन आणि हरवलेला ढेकर

ऑपरेशनआधी रुग्णाला एक प्रश्न विचारायलाच हवा: यापुढे ढेकर नीट आला नाही तर चालेल का? पोटभर जेवून तृप्तीचा ढेकर देणाऱ्या आपल्या लोकांना तो विचित्र वाटेल. पण घशाशी येणाऱ्या आंबट पाण्यावरच्या शस्त्रक्रियेचं सगळं मर्म त्यात आहे.

अन्ननलिका श्वासपटलाच्या एका फटीतून पोटात उतरते. तिच्या टोकाचा स्नायू एरवी आवळलेला असतो आणि बाहेरून श्वासपटलाची पकड असते. ही जोडी सैल पडली किंवा जठराचा वरचा भाग फटीतून छातीत सरकला (हायटस हर्निया), की आम्ल वर चढतं. पँटोप्राझोलसारखी गोळी आम्ल कमी करते, पण सैल झडप सैलच राहते. म्हणून जळजळ थांबली तरी काहींना चपलेचा बंद लावायला वाकलं की पाणी तोंडात येतं.

झडप दुरुस्त करण्याची युक्ती एका वेगळ्याच ऑपरेशनातून सापडली. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेले सर्जन रुडॉल्फ निसेन 1930च्या दशकात इस्तंबूलमध्ये होते. एका तरुणाच्या अन्ननलिकेचा खालचा, व्रण झालेला भाग काढून त्यांनी ती जठराला जोडली आणि जोड सुटू नये म्हणून भोवती जठराचीच घडी गुंडाळली. पुढे कित्येक वर्षांनी दिसलं, की या माणसाला आम्ल वर येण्याचा त्रासच नाही! 1955 साली बाझेलमध्ये त्यांनी तीच गुंडाळी मुद्दाम याच आजारासाठी केली.

आज ते ऑपरेशन पोटावर चार-पाच छोटी भोकं पाडून, दुर्बिणीतून होतं. आधी श्वासपटलाची फट टाके घालून लहान करतात. मग जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढे आणतात आणि शिवतात, उपरणं गळ्याभोवती घ्यावं तसं. जेवणानंतर जठरातला दाब वाढला की गुंडाळीतलाही वाढतो आणि नळी आपोआप दाबली जाते. ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

पण झडपेला आम्ल आणि हवा यांतला फरक कळत नाही. ढेकर अडतो, पोट फुगतं, उलटी करणं अवघड होतं. सुरुवातीचे काही आठवडे घास अडकल्यासारखा वाटतो, म्हणून मऊ भातावर राहावं लागतं. हे कमी व्हावं म्हणून काही सर्जन पूर्ण वेढा न देता 270 अंशांचाच देतात. अन्ननलिकेच्या टोकाभोवती बसवायचं टायटॅनियमच्या चुंबकी मण्यांचं कडंही निघालं आहे. घास आला की मणी दूर होतात, गेला की पुन्हा चिकटतात. अमेरिकेत त्याला 2012 साली परवानगी मिळाली.

तोंडावाटे एंडोस्कोप घालून करायचे उपायही आहेत. एकात जठराची घडी आतूनच टाचतात; हर्निया मोठा असेल तर त्याचा उपयोग नाही. दुसऱ्यात स्नायूला रेडिओलहरींची ऊब देतात. त्याच्या परिणामाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. बाहेर व्रण दिसत नाही म्हणून उपाय निर्धोक ठरत नाही. स्नायूत टोचून घट्ट होणारं एक द्रव्य अमेरिकेत 2003 साली मंजूर झालं आणि गंभीर दुष्परिणामांमुळे 2005 साली परत घ्यावं लागलं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 2019 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास. गोळ्यांनी जळजळ थांबत नाही अशी तक्रार असलेले 366 जण त्यात आले. त्यांतल्या 42 जणांची तक्रार दोन आठवडे ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध नीट, जेवणाआधी घेतल्यावरच गेली! 99 जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. सगळी चाळणी होऊन 78 उरले. त्यांच्यात मात्र शस्त्रक्रियेचा गुण 67 टक्के रुग्णांना आला, औषधं वाढवून फक्त 28 टक्क्यांना.

म्हणून टाके घालण्याआधी तपासण्या. एंडोस्कोपी तर आहेच, शिवाय मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिका घास नीट ढकलते का याची मोजणी. ती दुबळी असेल तर पूर्ण वेढा गळ्याशी येऊ शकतो. आणि नाकातून बारीक नळी घालून 24 तास आम्लाची नोंद. या दिवशी पथ्य पाळायचं नसतं. रोज मिसळ खात असाल तर त्या दिवशीही खायची, नेहमीसारखं झोपायचं आणि जळजळ झाली की कमरेच्या यंत्राचं बटण दाबायचं.