मामांची काराकुली टोपी

सेलूचे माझे मामा यंदा काश्मीरला जाऊन आले आणि येताना स्वतःसाठी काळी काराकुली टोपी, म्हणजे काराकुल जातीच्या कोकराच्या कातड्याची टोपी, घेऊन आले. परभणीकडं डिसेंबरात गारठा चांगलाच पडतो, त्यामुळं पहाटे फिरायला निघताना ती डोक्यावर असतेच. "अंगातली निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते," असं ते सांगतात. मी टोपी उजेडात धरून पाहिली. कातड्याला चिकटून बसलेली बारीक, चकचकीत वेटोळी. बोटानं ओढलं की केस उलगडतो, सोडला की परत वळतो. ती वेटोळी पाहून हा लेख लिहायला बसलो.

निम्म्या उष्णतेची गोष्ट खरी नाही. मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. बाकी सगळं अंग झाकून डोकं तेवढं उघडं ठेवलं, तर थंडी तिथंच वाजणार.

मग टोपीची ऊब येते कुठून? केसात ऊब नसते. केस, नख, शिंग हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. ऊब धरते ती केसांमधली हवा. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, पाण्याची ०.६, म्हणजे जवळपास २४ पट. म्हणून भिजलेली टोपी डोकं गारठवते. पण हवा एका अटीवर ऊब धरते: तिनं हलता कामा नये. तापलेली हवा वर गेली आणि गार हवा खाली आली की उष्णता वाहून गेलीच. चुलीवरच्या पातेल्यात पाणी फिरतं तसंच.

हवा फिरेल की थांबेल, हे रेली अंक सांगतो, आणि मला हा अंक फार आवडतो. थराच्या खालच्या-वरच्या तापमानातला फरक आणि थराच्या जाडीचा घन, यांच्या प्रमाणात तो वाढतो. हवेची श्यानता (म्हणजे तिचा घट्टपणा) आणि तिच्यात उष्णता पसरण्याचा वेग त्याला खाली ओढतात. खालून तापलेल्या आडव्या थरात हा अंक १७०८ च्या आत असला, तर अभिसरण, म्हणजे हवेचं वर-खाली फिरणं, सुरूच होत नाही. टाळू ३३ अंशांवर आणि बाहेर १३ अंश धरून गणित मांडलं, तर ही मर्यादा सुमारे साडेनऊ मिलिमीटरला येते. केसांमधल्या फटी त्याहून कितीतरी बारीक. त्यात जाडीचा घन असल्यामुळं फट निम्मी झाली की अंक थेट आठव्या हिश्श्यावर येतो. हवा बिचारी जागच्या जागी अडकते.

या अडकलेल्या हवेवर उत्तर पॅसिफिकमधलं समुद्री पाणमांजर जगतं. त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो. दाट जागी एका चौरस सेंटिमीटरात लाखाहून जास्त केस असतात. आपल्या अख्ख्या डोक्यावर साधारण तेवढे! याच केसांपायी माणसानं त्याला जवळजवळ संपवलं, शेवटी १९११ साली आंतरराष्ट्रीय करार करून शिकार थांबवावी लागली.

आता मामांच्या टोपीकडं येऊ. ऊब अडकलेल्या हवेच्या थराच्या जाडीवर ठरते. काराकुलीची वेटोळी तर कातड्याला चापून बसलेली, त्यामुळं हवेचा थर पातळ. ही वेटोळी असतात नुकत्याच जन्मलेल्या काराकुल कोकराच्या अंगावर. थोड्याच दिवसांत केस वाढतात, उलगडतात, राठ होतात. म्हणून कोकरू दोन-तीन दिवसांचं असतानाच मारतात. काही कातडी तर जन्माआधीच्या पिल्लाची असतात, आणि त्यासाठी आईलाही मारतात. जीव जातो तो वेटोळ्यांच्या शोभेसाठी. उबेशी त्याचा संबंध नाही.

"मटण चालतं, मग टोपी का नाही?" मामांनी विचारलं. मटणासाठी कापलेल्या बोकडाचं कातडं वाया जाऊ न देणं वेगळं, आणि कातड्यासाठीच दोन दिवसांचं पिल्लू मारणं वेगळं. फरसाठी पाळतात त्या मिंक नावाच्या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याचं तर मांसही आपण खात नाही. २०२० साली डेन्मार्कमध्ये फार्मवरच्या मिंकमध्ये कोरोना पसरला आणि दीड कोटीहून जास्त मिंक मारून टाकावे लागले. पाण्याकाठी एकटा राहणारा हा प्राणी तिथं तारेच्या पिंजऱ्यांत दाटीवाटीनं ठेवला होता. ध्रुवाजवळच्या शिकाऱ्याला फरशिवाय पर्याय नव्हता, त्याला मी दोष देणार नाही. सेलूत ती अडचण नाही.

लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा आणि पोरांची भीती जावी म्हणून त्याच्या केसाचा ताईत बायका घ्यायच्या. त्या केसातही केराटिनच होतं, आपल्या कापून टाकलेल्या नखात असतं तेच. भीती कुणाची गेली नाही, अस्वलाच्या नाकात वेसण मात्र होती.

आपल्याकडं दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. मेंढी उठून पुन्हा चरायला जाते. ही लोकर जाडीभरडी, आणि सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू कातडीला टोचतो, हे खरं. पण तिच्या मोकळ्या, कुरळ्या तंतूंत हवा भरपूर अडकते. मामांच्या ट्रंकेत आजोबांची घोंगडी आहे, कडा झिजल्यात, मधला भाग अजून शाबूत आहे. त्यातला हातभर तुकडा काल शिंप्याकडं दिला. कानटोपी शिवायला सांगितली, आतून जुन्या धोतराचं अस्तर लावून. मामांनी डोक्याचं माप स्वतः दिलं.