चारसिक्वेन्स : मजकुरातली कॅरॅक्टर्स वाचायचा जावा इंटरफेस

चारसिक्वेन्स हा जावा या प्रोग्रामिंग भाषेतला एक अगदी छोटा इंटरफेस आहे, म्हणजे कोणत्या मेथड (कोडमधून करून घ्यायची कामं) असायलाच हव्यात याची यादी. एकामागोमाग एक असलेली कॅरॅक्टर्स वाचायची, एवढंच त्याचं काम, त्यात बदल करायची सोय तो देत नाही. 2002 साली जावा 1.4 मध्ये तो आला, त्याच रिलीजमध्ये रेग्युलर एक्सप्रेशनची (मजकुरात पॅटर्न शोधायची) लायब्ररी आणि चारबफरही आले, आणि हे सगळं एकत्र येण्याला अर्थ आहे, कारण पॅटर्न शोधणाऱ्या कोडला समोर स्ट्रिंग (न बदलणारा मजकूर) आहे, स्ट्रिंगबिल्डर (बदलता येणारा मजकूर) आहे की चारबफर (कॅरॅक्टर्सचा साठा) याच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याला फक्त पुढचं कॅरॅक्टर हवं असतं. (स्ट्रिंगबिल्डर मात्र जावा 5 चा, आधी स्ट्रिंगबफर होता.)

मूळ मेथड चारच: लेंग्थ, चारॲट, सबसिक्वेन्स आणि टूस्ट्रिंग. मोजणी 0 पासून, आणि सबसिक्वेन्सला दिलेला शेवटचा नंबर धरला जात नाही. पुढे जावा 8 मध्ये चार्स आणि कोडपॉइंट्स (युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला दिलेला नंबर म्हणजे कोडपॉइंट), 11 मध्ये कंपेअर, 15 मध्ये इजएम्प्टी आलं. कॉटलिन या भाषेतही याच नावाचा इंटरफेस आहे.

दोन गोष्टी तो मुद्दामच ठरवत नाही. एक म्हणजे आतला मजकूर बदलणार नाही याची हमी नाही, तुम्हाला दिलेला चारसिक्वेन्स आतून स्ट्रिंगबिल्डर असेल तर तुम्ही वाचत असतानाच दुसरं कोणी त्यात भर घालू शकतं. दुसरं म्हणजे इक्वल्स (दोन वस्तू सारख्या आहेत का) आणि हॅशकोडचे (वस्तूवरून काढलेला नंबर) नियम. तोच मजकूर स्ट्रिंगमध्ये आणि स्ट्रिंगबिल्डरमध्ये असला तरी इक्वल्स सारखे नाहीत असंच सांगतं, म्हणून मॅपची की (जिच्यावरून नोंद शोधतात ती) म्हणून चारसिक्वेन्स वापरू नये, आणि तुलना करायची तर स्ट्रिंगचं कंटेंटइक्वल्स किंवा कंपेअर घ्यावं.

आता मराठीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. इथलं कॅरॅक्टर म्हणजे आपलं अक्षर नाही, ते यूटीएफ-16 (युनिकोड मजकूर साठवायची एक पद्धत) चं 16 बिटांचं एक युनिट आहे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचं एक युनिट वेगळं मोजलं जातं. गोव्यातली नावं घेऊ: धारबांदोडा आपण पाच अक्षरांत वाचतो पण लेंग्थ 10 सांगते, म्हापसा तीन अक्षरांचा तर लेंग्थ 7. डिचोलीची वेलांटी स्क्रीनवर ड च्या आधी दिसते तरी चारॲट 0 ला ड च मिळतो आणि वेलांटी 1 वर. सत्तरीचा 0 ते 3 सबसिक्वेन्स घेतला तर हातात येतं सत्, आणि फोंड्याचा 0 ते 2 घेतला तर नुसतं फो, अनुस्वार मागेच राहिला.

गोव्यात देवस्थानच्या पावत्या, भजनी मंडळांच्या याद्या, ग्रंथालयाचे फॉर्म असं काही मराठीत करणाऱ्याला हे पदोपदी भेटतं. अँड्रॉइडमध्ये टेक्स्ट बॉक्समधला मजकूर चारसिक्वेन्स म्हणूनच हाताळला जातो आणि लांबीची मर्यादा घालणारा फिल्टरही हीच युनिट मोजतो, म्हणजे तालुक्याच्या बॉक्सला 8 ची मर्यादा ठेवली की धारबांदोड्याचा माणूस धारबांदो वर अडकतो. लोकांची नावं अशी तोडणं मला तरी मान्य नाही. मर्यादा सढळ ठेवावी आणि तोडायचंच असेल तर जावातल्या ब्रेकइटरेटरला अक्षराची हद्द विचारून तोडावं.

ऱ ची गोष्ट अजून वेगळी. सत्तरीच्या दऱ्याखोऱ्या लिहिताना हा ऱ एकाच कोडपॉइंटचा असू शकतो किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन कोडपॉइंटचा, दिसायला दोन्ही सारखे पण कंपेअर त्यांना वेगळंच समजतं, आणि मग शोधलं की सापडत नाही. जावा 6 पासून असलेला नॉर्मलायझर चारसिक्वेन्सच घेतो, एनएफसी फॉर्म (युनिकोडचं जोडलेलं प्रमाण रूप) मागितला की दोन्हीचं एकच रूप होतं, म्हणून डेटाबेसमध्ये टाकण्याआधी हे केलेलं बरं.

मोडीसाठी मात्र चारॲट पुरतच नाही. मोडी 2014 ला युनिकोड 7.0 मध्ये आली, तिचा ब्लॉक हेक्साडेसिमल 11600 (दशमानात 71168) पासून, म्हणजे 16 बिटांच्या बाहेर, त्यामुळे मोडीतलं प्रत्येक चिन्ह दोन युनिट घेतं आणि चारॲट त्यातलं अर्धंच देतं. गोव्यातली जुनी मोडी कागदपत्रं कोणी टाइप करून शोधण्याजोगी करणार असेल तर सुरुवातीपासून कोडपॉइंट्स मेथडच वापरावी.