पोटगी आणि भेट: लग्न न झालेल्या बापाची दोन वेगळी प्रकरणे

"पोराला भेटू देत नाही, मग पैसे कशाला द्यायचे?" आणि "महिन्याच्या महिन्याला पैसे टाकतोय, म्हणजे भेटायचा हक्क आहेच." कराड असो, विटा असो की तासगाव, कोर्टाच्या आवारात ही दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत. पोटगी हा मुलाचा हक्क आणि बापाचे देणे. भेट मात्र मुलाचे हित बघून कोर्ट ठरवते. दोन्हींचे कायदे वेगळे, अर्ज वेगळे, बऱ्याचदा कोर्टही वेगळे. त्यामुळे एका प्रकरणातला राग दुसऱ्यात काढला की दोन्हीकडे नुकसान होते.

आधी एक गोष्ट तपासून घ्या: लग्न खरोखरच झाले नव्हते का? आपल्याकडे 'लग्न नाही' म्हणतात तेव्हा कित्येकदा देवळात विधी होऊन गेलेले असतात, किंवा पहिली बायको असताना दुसरे लग्न लावलेले असते. असे दुसरे लग्न कायद्याने रद्दबातल असले तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे मूल औरसच धरले जाते. अनेक वर्षे नवरा-बायको म्हणून एकत्र नांदलेल्या जोडप्याचे लग्न झाले आहे, असेही कोर्ट गृहीत धरू शकते. यातले काहीच नसेल तर मूल अनौरस ठरते. मग हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ नुसार नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. औरस मुलाच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा आहे. सांगली-मिरजेकडची जैन आणि बौद्ध कुटुंबेही याच कायद्याखाली येतात.

पैशाच्या बाबतीत औरस-अनौरस हा भेद नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे. जुन्या संहितेतल्या कलमावरून जुने वकील अजून '१२५ ची केस' म्हणतात ती हीच. मुलाच्या वतीने आई न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा कौटुंबिक न्यायालय असेल तिथे अर्ज करते. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे तारखा लांबवून पैसे वाचत नाहीत, थकबाकी तेवढी चढत जाते.

प्रतिज्ञापत्रात 'शेती, उत्पन्न नाही' असे लिहिणारे पुष्कळ. समोरची बाजू मग कारखान्याचे ऊसबिल, डेअरीच्या दहा-दहा दिवसांच्या दुधाच्या पावत्या आणि सोसायटीच्या कर्जाचा उतारा आणून ठेवते. एकदा खोटे उघडे पडले की बापाच्या बाकीच्या म्हणण्यावरही कोर्टाचा विश्वास राहत नाही. त्यापेक्षा खरे आकडे द्या, कर्जाचे हप्ते कागदांसह दाखवा. नोकरी गेली, पीक बुडाले तर पैसे परस्पर बंद करू नका. कलम १४६ खाली रक्कम बदलून मागता येते. थकबाकीसाठी वॉरंट निघते, तुरुंगवासही होऊ शकतो, आणि आत जाऊन आल्याने देणे फिटत नाही.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. मामाच्या हाती दिलेली रोकड कोर्टात सिद्ध करणे कठीण जाते. शाळेची फी परस्पर भरली तर ती पोटगीतून आपोआप वजा होत नाही. वजा व्हावी असे वाटत असेल तर आदेशातच तसे लिहून घ्यावे लागते.

आता भेट. इथे पालक व पाल्य कायदा, १८९० लागतो आणि अर्ज मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या जिल्हा किंवा कौटुंबिक न्यायालयात करावा लागतो. गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी बाप दूरच्या शहरात असेल आणि मूल आईबरोबर आटपाडीला, तर केस सांगली जिल्ह्यातच चालेल. कलम १२ खाली अंतरिम भेट लगेच मागा, मुख्य निकालाची वाट बघू नका. मुलाशी आजवर नाते कसे होते हे कोर्ट बघते: दवाखान्याच्या पावत्या, शाळेतल्या नोंदी, फोटो, फोनवरचे बोलणे.

बापाचे सगळ्यात मोठे नुकसान होते ते इथे. पोटगी टाळायला तो लेखी म्हणण्यात 'मूल माझे नाही' असे लिहून देतो आणि सहा महिन्यांनी भेटीचा अर्ज करतो. पहिल्याच तारखेला तो कागद त्याच्यासमोर ठेवला जातो. पितृत्वाबद्दल खरीच शंका असेल तर डीएनए चाचणी मागा. नसेल तर वाद फक्त रकमेवर घाला.

आदेशात नुसते 'सोयीनुसार भेट' असे असेल तर ती भेट होत नाही. मसुदा असा द्या: पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ५, मुलाला आईच्या घरून न्यायचे आणि तिथेच आणून सोडायचे, दर बुधवारी संध्याकाळी ७ वाजता व्हिडिओ कॉल, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीचा अर्धा वाटा, मूल आजारी पडले तर बदली रविवार कोणता. मूल तान्हे असेल तर एक-दोन तासांपासून सुरुवात मागावी, कोर्ट ते लवकर मान्य करते.

पाचशेच्या स्टँपवर 'पोटगी मागणार नाही, भेट मागणार नाही' असे लिहून घेण्याची पद्धत आहे. त्याने मुलाचा पोटगीचा हक्क जात नाही.

वारसाहक्काचे थोडक्यात: अनौरस मुलाला हिंदू वारसा कायद्याने बापाकडून वाटा मिळत नाही. द्यायचा असेल तर मृत्युपत्र करा, नुसत्या नॉमिनीने भागत नाही.

आणि भेट मिळेना म्हणून शाळेच्या फाटकावरून मूल परस्पर उचलून नेऊ नका. अनौरस मुलाचा बाप प्रामाणिकपणे तसे करत असेल तर अपहरणाच्या कलमात त्याला अपवाद आहे, हे खरे. पण नैसर्गिक पालक आई आहे. ती हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करायला लावण्याची, याचिका करू शकते, आणि सातारा-सांगलीची अशी याचिका ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे जाते.